हजार यार्डांची रायफल ऑलिम्पिकमध्ये येईल का?

तर्री_पोहा
पॅरिसला स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ आलं आणि ५० मीटर थ्री पोझिशन काय असते हे आपल्याकडे पानठेल्यावरही कळलं. पण इंग्लंडमधल्या बिस्ली किंवा अमेरिकेतल्या कॅम्प पेरी रेंजचे व्हिडिओ पाहिले की वाटतं, खरी मजा तर तिकडे आहे. हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर टार्गेट, दुर्बीण नाही, नुसती भिंगाविना साइट, रायफल स्थिर धरायला हाताला स्लिंगचा पट्टा आणि मधे मोकळा वारा. हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये का नाही? येऊ शकतो का? जाणकारांनी जरा खोलात जाऊन सांगा राजेहो, 'टीव्हीवर दिसत नाही' एवढ्यावर धागा आटपू नका.

नियमपुस्तक
होता की. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बिस्लीच्या रेंजवर १००० यार्ड फ्री रायफल हा वैयक्तिक प्रकार झाला. जोशुआ मिलनरने २० गोळ्यांत १०० पैकी ९८ करून सुवर्ण घेतलं. १९१२ ला स्टॉकहोमात अंतर ६०० मीटरवर आलं. १९२४ च्या पॅरिसमध्ये वैयक्तिक ६०० मीटर आणि सांघिक ४००, ६००, ८०० मीटर होतं. १९२८ ला नेमबाजीच नव्हती. १९३२ ला परत आली ती .२२ (०.२२ इंची छोटी गोळी) घेऊन, ५० मीटरवर. पुढे १९४८ पासून ३०० मीटर होती, तीही १९७२ च्या म्युनिकपर्यंत. तिथलं शेवटचं सुवर्ण अमेरिकेच्या लोन्स विगरचं. तेव्हापासून ऑलिम्पिक रायफलचं सगळ्यात लांबचं अंतर ५० मीटर.

शेजारच्या खेळांतही हेच झालं. बायथलॉनमध्ये आधी मोठं सेंटरफायर काडतूस आणि २५० मीटरपर्यंतची अंतरं होती, १९७८ पासून .२२ आणि ५० मीटर. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये लंडन २०१२ पासून लेसर पिस्तूल. म्हणजे शंभर वर्षं गाडी एकाच दिशेने चालली आहे: अंतर कमी, आवाज कमी, लागणारी जमीन कमी. हजार यार्डांची मागणी म्हणजे हीच गाडी उलटी फिरवणं.

बेसा_पावर
इतिहास ठीक आहे, पण मूळ अडचण वेगळी आहे. हा खेळ अर्धा नशिबाचा आहे. सकाळच्या तुकडीला शांत वारा, दुपारच्या तुकडीला वादळ. पदक कोणाला, तर ज्याची चिठ्ठी चांगली निघाली त्याला. ऑलिम्पिकला असं चालत नाही.

मिनिट_आणि_वारा
बेसाभाऊ, अर्धा नशिबाचा म्हणणं जास्त झालं. आकडे मांडतो, मग बोलू.

एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे १००० यार्डांवर १०.४७ इंच. अमेरिकन एनआरए या रायफल संघटनेच्या हजार यार्ड टार्गेटवर १० चं वर्तुळ २० इंच व्यासाचं, आत अगदी मधलं एक्स वर्तुळ १० इंचाचं. म्हणजे १० गुण हवे तर मधून दोन्हीकडे १० इंच मुभा.

आता .३०८ या मोठ्या काडतुसात १५५ ग्रेनची (सुमारे १० ग्रॅम) गोळी, नळीतून निघताना सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास. हजार यार्ड कापायला तिला दीड सेकंदाच्या वर लागतो. आडवा वारा ताशी एक मैल, म्हणजे दीड-पावणेदोन किमी, एवढा जरी वाचण्यात चुकला तरी गोळी साधारण ९ इंच बाजूला पडते. ताशी एक मैल वारा गालाला जेमतेम जाणवतो. त्यात रायफल आणि नेमबाज दोघांचा मिळून स्वतःचा अर्ध्या-पाऊण मिनिटाचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पसारा, मिळवा, की १० गेलाच.

५० मीटर .२२ ला तेवढ्याच वाऱ्याने गोळी अडीच मिलिमीटर सरकते आणि १० चं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे. वारा तिथेही त्रास देतो. पण ५० मीटरवर तुम्ही एका वाऱ्यातून मारता. हजार यार्डांवर तीन-चार वेगळे वारे एकाच गोळीवर काम करतात: फायरिंग पॉइंटजवळ एक, मधल्या खोलगटात दुसरा, बट्सजवळ, म्हणजे टार्गेटांच्या मातीच्या बांधाजवळ, तिसरा. नेमबाजाजवळचा वारा जास्त महत्त्वाचा, कारण तिथे मिळालेला तिरकेपणा गोळी पुढे सगळं अंतर बरोबर नेते.

दिशेचा हिशोब: वारा ९० अंशांनी आला तर पूर्ण धरायचा, ४५ ला ०.७, ३० ला अर्धा. सगळ्यात वाईट म्हणजे घड्याळातल्या ६ किंवा १२ च्या दिशेचा, थेट मागून किंवा समोरून येणारा वारा. तो १०-१५ अंश इकडचा तिकडे झाला की डावा वारा उजवा होतो. झेंडा तोच, जोर तोच, दुरुस्ती मात्र उलटी. नवे लोक इथेच १० सोडून कडेला गोळी मारतात.

हे सगळं वाचता येतं, म्हणून ते कौशल्य आहे. नशीबच असतं तर राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडच्या डेव्हिड लकमनने या प्रकाराचं वैयक्तिक सुवर्ण २०१४ आणि २०१८, दोनदा ओळीने घेतलं नसतं. एकदा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बॅरी बडनला, एकदा ब्रिस्बेनच्या बेलमाँटला.

बेसा_पावर
लकमनचा मुद्दा मान्य. तुकड्यांचा प्रश्न तरी राहतोच.

मिनिट_आणि_वारा
तो सुटण्यासारखा आहे. बिस्लीला दोघे-तिघे एकाच टार्गेटवर आळीपाळीने मारतात, एका गोळीला ४५ सेकंद. त्यामुळे कोणी चांगला वारा पकडून धडाधड वीस गोळ्या उरकू शकत नाही. अंतिम फेरीत सगळे एकाच वेळी रेषेवर असतात. ऑलिम्पिकसाठी आठ जण, आठ टार्गेटं, एकच घड्याळ, इतकं पुरे. सगळ्यांना एकाच बनावटीची काडतुसं वाटली की स्वतः हाताने भरलेल्या काडतुसांचा वादही मिटतो. आणि तो वाद लहान नाही: गोळीच्या वेगात सेकंदाला ३ मीटर फरक पडला तर हजार यार्डांवर उंचीत अडीच-तीन इंच फरक येतो. ३०० मीटरवर तोच फरक कोणाच्या ध्यानातही येत नाही.

नियमपुस्तक
खेळ न्याय्य करता येईल हे मान्य. पण तो घ्यायचा कोणी? ऑलिम्पिक समिती एका खेळाला एकच आंतरराष्ट्रीय महासंघ मानते, नेमबाजीत तो आयएसएसएफ. हजार यार्डांचं जग चालवते इक्फ्रा ही वेगळी आंतरराष्ट्रीय संघटना. पाल्मा सामना (८००, ९००, १००० यार्ड), एफ-क्लास (दुर्बीण आणि टेकू लावून मारायचा प्रकार), सगळं त्यांच्याकडे. म्हणजे आधी आयएसएसएफने स्वतःच्या कोट्यातून जागा द्यायला हवी, आणि तो कोटा आटतो आहे: रिओत नेमबाजीला ३९० खेळाडू, टोकियोत ३६०, पॅरिसमध्ये ३४०.

त्यातही रिओनंतर काय कापलं ते पाहा. ५० मीटर पिस्तूल, डबल ट्रॅप आणि ५० मीटर प्रोन. तिन्ही पुरुषांचे प्रकार, त्यांच्या जागी तीन मिश्र सांघिक. ज्यांनी झोपून मारायची ५० मीटर काढली, ते झोपून मारायची ९१४ मीटर आणतील?

धरमपेठ_१०.९
उलट इथे एक जमेची बाजू आहे. टार्गेट रायफलमध्ये, म्हणजे याच प्रकारात, स्त्री-पुरुष एकाच यादीत, राष्ट्रकुलातही प्रकार खुला होता. मिश्र सांघिकसाठी समिती जो खटाटोप करते तो इथे करावाच लागत नाही. वयाचाही अडसर नाही; साठीतले लोक अंतिम फेरीत असतात. समितीला तरुण प्रेक्षक हवे आहेत, तिथे हेच आडवं येईल ती गोष्ट वेगळी.

कामठी_रोड
टीव्ही, कोटा, महासंघ सगळं ठीक आहे भाऊ. जमिनीबद्दल कोणी बोलूनच नाही राहिलं.

.३०८ ची गोळी चुकून वरच्या कोनात सुटली तर चार किलोमीटरच्या पलीकडे जाते. म्हणून हजार यार्डांची रेंज म्हणजे ९१४ मीटर लांब पट्टा नव्हे. बट्सच्या मागे आणि दोन्ही बाजूंना पंख्यासारखा पसरणारा धोक्याचा टापू रिकामा हवा, किंवा मागे चांगला उंच डोंगर हवा. आता नकाशावर नागपूर घ्या. उमरेड रोडला शेती आणि खाणी, काटोलकडे संत्र्याच्या बागा, वर्धा रोडला मिहान, उत्तरेला पेंचचं जंगल. चार किलोमीटरचा पंखा कुठेही ठेवा, एखादं गाव, एखादा पांदण रस्ता किंवा वनखात्याची हद्द त्यात येतेच. त्यामुळे आपल्या देशात इतकी लांब रेंज म्हणजे लष्कर किंवा निमलष्करी दल. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलातही फुलबोअर (मोठ्या काडतुसाचा हाच प्रकार) कर्णी सिंग रेंजवर नाही, गुरगावजवळ कादरपूरला सीआरपीएफच्या आवारात झालं.

यजमान शहरासाठीही गणित तेच. अर्थात पॅरिसने नेमबाजी शातोरूला, अडीचशे किलोमीटरच्या वर लांब नेली, तेव्हा 'शहरात जागा नाही' हे एकट्याने कारण होत नाही. खरं कारण असं की ऑलिम्पिकला जे देश नेमबाज पाठवतात त्यातल्या बहुतेकांकडे सरावालाच अशी रेंज नाही. बिस्ली, ओटावाचं कॉनॉट, ट्रेंटहॅम, बेलमाँट, ब्लूमफाँटेन, कॅम्प पेरी, रॅटन. नावं वाचा, इंग्रजांचं जुनं साम्राज्य आणि अमेरिका. दहा मीटरची एअर रायफल शाळेच्या हॉलमध्ये होते, म्हणून ती टिकली.

तर्री_पोहा
मग ३०० मीटर परत आणली तर? तडजोड म्हणून?

नियमपुस्तक
ती शक्यता हजार यार्डांपेक्षा कितीतरी बरी. ३०० मीटर आयएसएसएफच्या नियमपुस्तकात आजही आहे, तिचं विश्वविजेतेपदही होतं. महासंघ तोच, टार्गेट ठरलेलं (१० चं वर्तुळ १०० मिलिमीटर), कॅलिबरची कमाल मर्यादा ८ मिलिमीटर. नवा कायदा लिहायला नको. अडचण एवढीच की मारणारे देश मुख्यतः युरोपातले.

मिनिट_आणि_वारा
येईल, पण ती लाँग रेंज नव्हे. ६ मिलिमीटरच्या आजच्या काडतुसाने ३०० मीटरवर १० च्या बाहेर जायला वारा ताशी पाच किमी तरी चुकावा लागतो. हजार यार्डांवर .३०८ ला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम होतं. ३०० मीटर ही पोझिशन आणि ट्रिगरची परीक्षा, वारा तोंडी लावण्यापुरता.

मायक्रोफोन_बट्स
टीव्हीचा मुद्दा वर उडवून लावला गेला, पण त्यावर तोडगा निघालेला आहे. पूर्वी प्रत्येक टार्गेटखाली खड्ड्यात माणूस. गोळी लागली की टार्गेट खाली ओढायचं, भोकात डिस्क लावायची, जुनं भोक चिकटवायचं, परत वर. सवयीच्या माणसालाही दहा-पंधरा सेकंद जातात, आणि साठ टार्गेटं म्हणजे साठ माणसं.

आता इलेक्ट्रॉनिक. चौकटीच्या कोपऱ्यांत मायक्रोफोन, गोळीची शॉक वेव्ह कोणत्या मायक्रोफोनला किती आधी पोचली त्यावरून भोकाची जागा काढतात. पडद्यावर गुण लगेच. तीन ठिकाणी ते फसतं:

एक, तापमान. आवाजाचा वेग १५ अंशांना सेकंदाला ३४० मीटर, ४५ अंशांना ३५८ च्या आसपास. सेन्सर सावलीत आणि चौकट उन्हात असली तर हिशोबात खोट येते. नागपूरच्या मे महिन्यात तापमानाचा सेन्सर चौकटीजवळच, पण थेट उन्हापासून आडोशाला हवा.

दोन, गोळी टार्गेटला पोचताना आवाजापेक्षा वेगात असायलाच हवी, नाहीतर शॉक वेव्हच नाही आणि पडद्यावर 'मिस'. १५५ ग्रेनची चांगली गोळी हजार यार्डांवर जेमतेम वेगात असते. कमी वेगाच्या काडतुसाने किंवा आखूड नळीने मारलं की टार्गेट गोळी खातं.

तीन, उघड्या चौकटीवर टार्गेटजवळचा जोराचा वारा आवाजालाच ढकलतो. मोठ्या स्पर्धांना म्हणून रबराच्या पडद्याची बंद पेटी बरी, पण ती जड आणि महाग.

बेसा_पावर
थंडीतच बरी मग हजार यार्ड.

मिनिट_आणि_वारा
उलट गरम हवेत गोळीला ओढ कमी. १५ वरून ४५ अंशांवर गेलं की हवेची घनता साधारण दहा टक्के कमी, हजार यार्डांवर साइट दोन मिनिटांपेक्षा जास्त खाली आणावी लागते. त्याच दिशेची दुसरी गोष्ट: तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून वारा निवळायची वाट पाहत बसलात तर बारूद गरम होते, वेग वाढतो, गोळी वर जाते. वारा पटेपर्यंत बोल्ट उघडा, काडतूस सावलीत, पटलं की भरा आणि पाच-सहा सेकंदांत सोडा.

तर्री_पोहा
आणि राष्ट्रकुल? तिथे तर हा प्रकार होता ना?

नियमपुस्तक
१९६६ च्या किंग्स्टनपासून २०१८ च्या गोल्ड कोस्टपर्यंत, १९७० चं एडिनबरो सोडलं तर. शेवटच्या दोन्ही वेळी ३०० ते १००० यार्ड. २०२२ ला बर्मिंगहॅमने नेमबाजीच वगळली, ग्लासगो २०२६ च्या यादीतही ती नाही. २०३० चं राष्ट्रकुल अहमदाबादला आहे. हजार यार्डांना काही दार असेल तर ते हे, ऑलिम्पिकचं नव्हे. भारताला नेमबाजी हवीच असणार, पण एअर रायफल आणि पिस्तुलात पदकं मिळत असताना फुलबोअरसाठी कोण भांडेल हा प्रश्न आहे.

कामठी_रोड
भांडायला आधी मारणारे पाहिजेत. आपल्याकडे लष्करी काडतूस चालणारी रायफल प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापात) मोडते. .३०८ आणि ७.६२×५१ ची मापं इतकी जुळतात की साध्या परवान्यावर ती मिळत नाही. खेड्यात शेतीसंरक्षणासाठी दिसते ती .३१५. तिची २४४ ग्रेनची बोथट गोळी हजार यार्डांच्या कितीतरी आधी आवाजाच्या वेगाखाली येते, तिने हा खेळ होतच नाही. त्यामुळे आजच्या घडीला भारतातून या प्रकारात येणारा माणूस वर्दीतलाच येणार. सरावाला महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. नागपूरच्या साध्या पोराने काय करावं, हे कोणी सांगून राहिलं का?

धरमपेठ_१०.९
सांगते, कामठीदादा. .२२ प्रोनपासून सुरुवात. स्लिंग, झोपायचा कोन, डावं कोपर रायफलच्या खाली कुठे येतं, श्वास, ट्रिगर, हे सगळं हजार यार्डांवर जसंच्या तसं लागतं. पोझिशन पक्की झाल्याची खूण: डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट टार्गेटवरच असायला हवी. बाजूला गेली असेल तर हातांनी ओढू नका, डावं कोपर जागेवर ठेवून कंबर सरकवा. उंचीला चुकत असेल तर पोट-छाती थोडी पुढे-मागे. रायफल जबरदस्तीने आणलेली असेल तर जड काडतुसाचा धक्का बसताना ती तुमच्या ओढीच्या उलट दिशेला पळते आणि गोळी तिकडेच जाते. .२२ ला हे लपून जातं, .३०८ ला नाही.

मिनिट_आणि_वारा
त्याला जोडून वारा वाचायची सवय, आणि तिला रायफलच लागत नाही. स्पॉटिंग स्कोप तिपाईवर लावा, एखाद्या मोकळ्या मैदानाच्या टोकाला दूरचा खांब धरा आणि फोकस खांबावर न ठेवता अलीकडे आणा, अंतराच्या दोन-तृतीयांशावर. खांब किंचित धूसर होतो आणि हवेचं वाहणं, म्हणजे मिराज, दिसू लागतं. ते सरळ वर उकळताना दिसलं तर आडवा वारा नाही. पण त्या क्षणी गोळी मारायची नसते, कारण वारा बाजू बदलायच्या बेतात असतो. तिरकं वाहत असेल तर हलका. पूर्ण आडवं, चपटं झालं की ताशी बारा-पंधरा किमी. त्याच्या वर मिराजमध्ये फरक कळेनासा होतो, तिथून झेंड्यांवर जा. झेंडा खांबाशी किती अंशांचा कोन करतो त्याला ४ ने भागा, ढोबळ मैल प्रतितास मिळतात. पावसाळ्यात ओला झेंडा कमी वारा दाखवतो हे ध्यानात ठेवा.

प्रत्येक वेळी आधी अंदाज वहीत लिहा, मग हातातल्या वारामापकाशी ताडून पाहा. मापक आधी पाहिलं तर डोळा शिकत नाही.

तर्री_पोहा
स्कोप किती पॉवरचा घ्यावा? दुकानात ६० पट दाखवून राहिले.

मिनिट_आणि_वारा
२० ते २५ पट पुरे, पुढची काच ६० मिलिमीटरच्या वर असावी. नागपुरात मार्चनंतर सकाळी नऊ वाजले की ६० पटीत फक्त उकळतं पाणी दिसतं. पैसे वाचले तर दणकट तिपाई घ्या, हलणाऱ्या तिपाईवर कोणताच स्कोप मिराज दाखवत नाही. आणि आयपीस वाकडं असलेलं मॉडेल बघा, झोपून मान न उचलता पाहता आलं पाहिजे.